राहिलेले आठ कप

सुपरवायझरनं तो कप तिच्या टेबलावर अगदी अलगद ठेवला, पाहुण्यापुढं ठेवावा तसा. खेकसला असता तर तिला बरं वाटलं असतं. पांढरा कप, निळा काठ, आणि काठापासून बुडापर्यंत गेलेला केसाएवढा तडा. त्यात चहा मुरून तो तपकिरी झाला होता, म्हणून तर दिसत होता. शेजारी त्यानं पेटीतली चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर तारीख आणि तपासणाऱ्याचा नंबर: सतरा. कपबश्यांच्या त्या कारखान्यात सतरा नंबर म्हणजे ती, गेली अठरा वर्षं तीच. गरम चहा ओतला की कप गळतात म्हणून एका हॉटेलानं ती पेटी परत पाठवली होती, आणि पेटीत असे एकेचाळीस कप निघाले होते. एखाददुसरा कुणाच्याही हातून सुटतो, त्याचं कुणी काही मनावर घेत नाही. पण एकेचाळीस? सुपरवायझर तिच्याच हाताखाली काम शिकून वर गेलेला. त्याला बिचाऱ्याला तिच्याकडे बघवत नव्हतं. तो चिठ्ठीकडे बघतच म्हणाला की जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्या खोलीत या, साठ कप काढून ठेवतो, त्यातले तडकलेले कोणते ते मला ठाऊक आहेत, तुम्ही फक्त वाजवून सांगायचे. मोठ्या साहेबांना काहीतरी दाखवायला हवं. मग जाता जाता थांबला. "तुमच्या बाबतीत हे करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, बाई." ती बरं म्हणाली. पुढचा कप तिनं उचलला, आणि तेवढ्यात कमरेच्या डाव्या बाजूनं निघालेली कळ मांडीमागून थेट टाचेपर्यंत गेली. तिच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. ते तिला आता छान जमत होतं.

काम तसं सांगायला सोपं. भट्टीतून निघालेला कप डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलायचा, उजव्या हातातल्या पेन्सिलीएवढ्या लाकडी काडीनं काठावर एकदा टक् करायचं, आणि ऐकायचं. चांगला कप खणखणीत बोलतो, तडकलेला बद्द वाजतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, मग उजेडात धरा नाहीतर भिंगाखाली. नव्या मुलींना पहिले दोन महिने सगळेच कप खणखणीत वाटतात, पुढचे दोन महिने सगळेच बद्द वाटतात, आणि कान तयार होईपर्यंत त्या रडकुंडीला येतात. तिचा कान मात्र आल्या दिवसापासून तयार होता. पहिल्याच वर्षी तिनं भट्टीवाल्या मिस्त्रीला तोंडावर सांगितलं होतं की तुमची भट्टी घाईनं निवते आहे, माल भेदरल्यासारखा वाजतोय. मिस्त्री आठवडाभर तिच्याशी बोलला नाही, आणि मग गुपचूप भट्टी चार तास उशिरा उघडायला लागला. दिवसाला नऊशे कप. तपासणीची खोली भट्टीपासून लांब होती, टेबलांवर जाड लोकरी कापड, आठ बायका, आणि मुख्य म्हणजे बसायला खुर्ची. अख्ख्या कारखान्यात बसून करायचं काम एवढंच; साचे उचलणं, झिलईत बुडवणं, पेट्या भरणं, सगळं उभ्यानं. तिच्या खुर्चीवर घरून आणलेली उशी होती, आणि उशीखाली डाव्या बाजूला घडी केलेला टॉवेल, म्हणजे सगळं वजन उजवीकडे जातं. ही खुर्ची गेली की कारखाना गेला, हे तिला नऊ वर्षं पक्कं माहीत होतं. आणि कारखाना गेला की मागं राहिलं काय? घरी ती दुखणेकरी बाई होती. इथं ती सतरा नंबर होती.

नऊ वर्षांपूर्वी ती जिन्यात पडली होती. पडली म्हणजे काय, ओल्या कपड्यांची बादली घेऊन शेवटच्या दोन पायऱ्यांवरून घसरली, बसली, स्वतःशी हसलीसुद्धा, आणि उठून कपडे वाळत घातले. ठणका तिसऱ्या दिवशी सुरू झाला, तो काही थांबला नाही. पहिलं वर्ष सगळ्यांनी मोठ्या हौसेनं तिचं दुखणं सांभाळलं. ज्याच्या त्याच्याकडे उपाय होता. कुणी तेल दिलं, कुणी पट्टा आणून दिला, कुणी फळीवर झोपायला सांगितलं, आणि फळीनं वाढलं म्हटल्यावर कुणी कापसाची जाड गादी आणायला सांगितलं. नणंद तर दर आठवड्याला फोन करायची. दुसऱ्या वर्षी नणंदेनं विचारलं, "अजून?" तो शब्द काही वाईट नव्हता, नणंदही वाईट नव्हती, पण त्या दिवशी तिला कळलं की दुखण्यालासुद्धा मुदत असते, आणि त्या मुदतीत बरं झालं नाही तर माणूस लोकांच्या डोळ्यांत खुपायला लागतो. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडावर धरली, तिच्यावरून पेन फिरवलं आणि आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं की यात तर काहीच नाही. किती दुखतं ते एक ते दहामध्ये सांगा, म्हणाले. दहा म्हटलं तर कांगावा वाटेल, चार म्हटलं तर मग आलात कशाला. तिनं सहा सांगितलं, आणि पुढं दरवेळी सहाच सांगत राहिली. फिल्मवरची ती पांढरी, नीट रचलेली हाडं बघताना तिला वाटलं होतं की कुणीतरी आपल्याला एकदा काडीनं वाजवून बघावं.

मग तिनं तोंड मिटलं. कशी आहेस म्हटलं की बरंय. सुरुवातीला जड गेलं, नंतर अंगवळणी पडलं. कुणाच्या घरी कुठली खुर्ची ताठ आहे आणि कुठल्या सोफ्यात बसलं तर उठताना फजिती होते, हे तिला पाठ झालं. मग त्या घरी जाणंच कमी झालं. जुनी मैत्रीण तलावाकाठी फिरायला बोलवायची, तिला तीनदा काहीबाही सांगून टाळलं, चौथ्यांदा तिनं बोलावलं नाही. लेक सहलीला चल म्हणायची, ती म्हणेनाशी झाली. आपण माणसांतून उठत चाललो आहोत हे तिला दिसत होतं, पण दिसलं म्हणून थांबवता येत होतं थोडंच. फक्त एका गोष्टीचा तिला मनातून गर्व होता, कुणाला सांगितला नसता असा: नऊ वर्षांत तिनं हूं की चूं केलं नव्हतं. दुखण्यानं झोप नेली, मैत्रिणी नेल्या, नवऱ्याच्या शेजारची जागा नेली, पण तिच्या तोंडून एक आवाज काही त्याला काढता आला नव्हता.

नवऱ्याच्या शेजारची जागा जाऊन आता सात वर्षं झाली. तुला मोकळं झोपता यावं म्हणून मी बाहेरच्या खोलीत जातो, असं म्हणून एका संध्याकाळी त्यानं आपली गादी उचलली. वाद घालण्यासारखं त्यात काय होतं? पण रेडिओ, तो मात्र तिच्या डोक्यात गेला. तिचा नवरा टपाल खात्यात पत्रं लावायचा. संध्याकाळी घरी आला की चपला काढायच्या आधी त्याचा हात रेडिओवर जायचा. बातम्या, बाजारभाव, शेतीसल्ला, काहीही. जेवतानासुद्धा चालूच, आणि आवाज इतका मोठा की मीठ मागायचं तर ओरडावं लागे. एका खोलीत बायको भिंतीला तोंड करून पडलेली आहे आणि दुसऱ्या खोलीत या गृहस्थाला कांद्याची आवक ऐकायची आहे. एवढा कसा निबर झाला हा माणूस, असं ती रोज मनात म्हणायची. राग आला की जरा वेळ कमरेचा विसर पडायचा, तेवढाच त्या रेडिओचा तिला उपयोग. लेक तर कानात गाणी ऐकायच्या त्या गुंड्या घालूनच मोठी झाली. या घरात आपलं कुणाला ऐकायचंच नाही, अशी तिची खात्री होऊन बसली होती.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता बसली होती, तेव्हा शेजारच्या टेबलावरची टिटवी समोर येऊन बसली. टिटवी म्हणजे तिच्या पाठोपाठ दोन वर्षांनी लागलेली, बारीक अंगाची, अखंड बडबडणारी बाई. नाव कारखान्यानं ठेवलेलं आणि तिनंही हसत घेतलेलं. आज मात्र ती बराच वेळ टेबलावरचं कापड नखानं खरवडत राहिली. मग म्हणाली, "खोलीत गेलीस की ते तेवढं बंद ठेव."

"काय ते?"

"ते गं. तुझं." टिटवीनं ओठ मिटले आणि घशातून एक आवाज काढला. बारीक, सपाट, श्वास सोडताना लांबत जाणारा आणि शेवटी जरासा वर जाऊन तुटणारा. ती हसली, तिला वाटलं टिटवी कुणाची तरी नक्कल करून आपल्याला हसवते आहे. टिटवी हसली नाही.

"तू कण्हतेस, बाई," टिटवी म्हणाली. "दिवसभर. आम्हाला वाटलं तुला माहीत आहे."

पुढचं टिटवीनं खाली मान घालून, एका दमात सांगितलं. आधी सगळ्यांना वाटलं होतं की ही काहीतरी गुणगुणते. मग एकदा सुटीवरून आलेल्या एका मुलीनं विचारलं की यांना कुठं दुखतं का, आणि त्या दिवसापासून कुणी गुणगुणणं म्हणेना. गेल्या दोन वर्षांत ते वाढलं. दुखणं चढलं की आवाजही चढतो, आणि आपल्या घशातला आवाज आपल्याच कानात सगळ्यात मोठा. त्याच्याखाली कपाचा बद्दपणा कसा कळणार? म्हणून टिटवी दोन वर्षं तिच्या तपासलेल्या पाट्या उचलून नेताना वाटेत आपल्या टेबलावर टेकवायची आणि बोलता बोलता वाजवून बघायची. त्यात निघालेले तडकलेले कप आपल्या नंबरात घालायची. चिठ्ठीवरची तारीख ज्या आठवड्यातली होती त्या आठवड्यात टिटवीच्या बहिणीचं बाळंतपण होतं. "एकच आठवडा नव्हते गं मी," टिटवी म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. एकेचाळीस कप चुकल्याचं पाप आपलंच, असा तिचा चेहरा झाला होता.

तिनं विचारलं, सगळ्यांना ऐकू येतं? टिटवी म्हणाली, सगळ्यांना. मग टिटवी पदर सावरत आपल्या टेबलाकडे गेली. ती बसल्या जागी आठवणींत मागं मागं जात होती. बसमध्ये शेजारी बसलेली ती बाई, पुढचीच जागा रिकामी झाली तर उठून तिकडे गेली होती. माझ्या अंगाला वास येतो की काय म्हणून मी घरी येऊन दोनदा अंघोळ केली. नाटकाला गेलो होतो तेव्हा पुढच्या रांगेतला माणूस दोनदा मागं वळला, मला वाटलं माझ्या मागं कुणीतरी बोलतंय. लेक अकरा वर्षांची असताना अभ्यास करता करता म्हणाली होती, आई, हे कुठलं गाणं, आणि मी म्हटलं होतं, कसलं गाणं, अभ्यास कर. पोरीनं परत विचारलं नाही. पोरीनं परत कधीच विचारलं नाही. नणंदेचे फोन लहान लहान होत गेले. आणि रेडिओ. रेडिओपाशी आल्यावर तिला तिथून पुढं जाता येईना. आधी तिला लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखी. नऊ वर्षं आपण दाराला कडी घालून बसलो होतो आणि दार सताड उघडंच होतं. आणि लाजेच्या मागोमाग राग आला. नऊ वर्षांत एकालाही बोलता आलं नाही? मी काय काचेची होते? पण काडी धरायची तर रागात चालणार नव्हतं. तिनं दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले आणि घंटेची वाट बघत बसली.

सुपरवायझरच्या खोलीत साठ कप सहा रांगांत मांडले होते. तिची उशी त्यानं आठवणीनं आणून खुर्चीवर ठेवली होती, टॉवेलसकट. तो कोपऱ्यात कागद घेऊन बसला. तिनं जीभ दातांमागं दाबली, तोंड किंचित उघडं ठेवलं, आणि श्वास घशाला न लागता नुसता जाऊ दिला. पहिला कप. टक्. खणखणीत. दुसरा. तिसरा बद्द, इतका स्पष्ट बद्द की तिच्या अंगावर काटा आला. किती दिवसांनी! गेली दोन वर्षं आपण भिंतीपलीकडून ऐकत होतो हे तिला आत्ता कळलं. नववा बद्द. चौदावा ऐकायला बरा, पण त्याच्या शेवटाला जरा खरखर होती, तोही तिनं बाजूला काढला, आणि कोपऱ्यातल्या पेन्सिलीनं कागदावर समाधानानं रेघ मारलेली तिला ऐकू आली. बाईचा कान, बाईचा कान, म्हणायचे ना सगळे? पण आवाज बंद केल्यावर दुसरं एक उघडं पडत होतं. नऊ वर्षांत दुखणं तिला असं कधी भेटलंच नव्हतं, मध्ये काहीही न ठेवता. ते कमरेत राहिना. ते पोटात उतरलं, दातांत आलं, डोळ्यांच्या मागं आलं. तो आवाज कशासाठी होता हे तिला तेव्हा समजलं. पस्तिसाव्या कपाला पाठीवरून घामाचा ओघळ गेला. चाळिसावा बद्द. पंचेचाळिसाव्याला कप बोटांवर डुगडुगला. आता पंधरा राहिले, आता बारा, आता नऊ.

बावन्नावा कप तिनं वाजवला. चांगला वाजला, पण वाजून झाल्यावरही खोलीत काहीतरी उरलं. एक बारीक, सपाट आवाज. तिनं वर पंख्याकडे बघितलं, पंखा बंद होता. दिव्याच्या नळीकडे बघितलं. मग सुपरवायझरकडे. तो कागदात डोकं खुपसून बसला होता, अगदी मन लावून, पण त्यात तेवढं वाचण्यासारखं काही नव्हतंच. आणि त्याच्या त्या खाली घातलेल्या मानेवरून तिला कळलं. ती स्वतःला ऐकत होती. पहिल्यांदा. अठरा वर्षांची सवय, आवाज कानावर पडला की निवाडा आपोआप होतो. तो याही वेळी झाला. तिनं श्वास अडवला. आवाज थांबला. श्वास सोडला, आवाज आला. पुन्हा जीभ दाबली, तोंड उघडलं, त्रेपन्नावा कप उचलला, काडी काठापाशी नेली, आणि कपाच्या आधी घसाच वाजला. तिनं कप जागेवर ठेवला. काडी त्याच्याशेजारी, सरळ.

"राहिलेल्या आठ कपांचं मला सांगता येणार नाही," ती म्हणाली.

तो लगबगीनं उठला. आत्तापर्यंतचा एकही चुकलेला नाही, म्हणाला, आठ तर राहिलेत, अंदाजानं सांगा. आणि असं म्हणताना त्याचं बोट टेबलावर टेकलं ते शेवटच्या रांगेतल्या सहाव्या कपाजवळ, आणि तिथंच राहिलं. मायेचं बोट होतं ते. तिनं नुसतं हो म्हटलं असतं तर खुर्ची राहिली असती, उद्याही राहिली असती आणि टिटवी निवृत्त होईपर्यंत राहिली असती. तिनं त्या बोटाकडे बघितलं. मग तिनं नणंदेला, डॉक्टरला, लेकीला जे सांगितलं नव्हतं ते या परक्या माणसाला सांगितलं. "माझं दुखतं हो. सहा नाही, फार दुखतं. हा आवाज त्याचा आहे. तुम्हाला येतो ना ऐकू?"

त्याला सहाचं काही कळलं नाही. "येतो," तो अगदी हळू म्हणाला.

साठ आज कदाचित झालेही असते, ती म्हणाली, पण दिवसाचे नऊशे नाहीत व्हायचे. मोठ्या साहेबांना सांगावं लागेल, असं तो म्हणाला. निरोप येईपर्यंत घरी आराम करा, पेट्या भरायच्या कामाचं विचारू का? तिथं उभं राहावं लागतं, ती म्हणाली. दोघांनाही ते माहीत होतं. उशी असू द्या इथंच, असं तो दोनदा म्हणाला. तिनं उशी उचलली, टॉवेलाची घडी मोडून तो उशीभोवती गुंडाळला आणि निघाली. टिटवी दारापर्यंत आली.

घरी पोहोचली तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. लेक यायची होती. ती बाहेरच्या खोलीत, नवऱ्याच्या खाटेवर, रेडिओशेजारी उशी मांडीवर घेऊन बसली. या खोलीत ती कधी बसत नसे. रेडिओचं बटण इतकं वापरलेलं होतं की त्यावरचे आकडे पुसून गेले होते. खाटेच्या उशाशी कापसाचे दोन बोळे पडलेले दिसले, कानात घालायचे. तिनं ते तसेच राहू दिले. ती ऐकत बसली. श्वास सोडताना आवाज येत होता, श्वास घेताना जात होता, आणि आता एकदा ऐकल्यावर तो न ऐकणं तिच्या हातात राहिलं नव्हतं.

नवरा नेहमीच्या वेळी आला. तिला तिथं बघून दारात थबकला, उशीकडे बघितलं, तिच्या तोंडाकडे बघितलं. काय झालं ते विचारायला त्यानं तोंड उघडलं आणि तेवढ्यात सवयीनं हात रेडिओकडे गेला.

"राहू द्या," ती म्हणाली.

हात बटणावरच राहिला.

"कधीपासून ऐकू येतं तुम्हाला?"

काय ऐकू येतं, असं त्यानं विचारलं नाही. त्याचं ते न विचारणं तिच्या जिव्हारी लागलं. "पहिल्या वर्षापासून," तो म्हणाला.

"आणि सांगितलं नाहीत."

त्यानं हात मागं घेतला. चपला काढायच्या राहिल्या होत्या, त्या काढल्या, एकीशेजारी एक नीट ठेवल्या. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "सांगितलं असतं तर तू तेही बंद केलं असतंस."

खरं होतं. तिनं केलं असतं, दातांखाली कापड धरून केलं असतं. हा माणूस सात वर्षं या खोलीत कापसाचे बोळे घालून पडत होता, तिला तेवढं तरी करता यावं म्हणून. आणि आपल्याला ते ऐकावं लागू नये म्हणूनही. दोन्ही खरं होतं, आणि त्यातलं एक घेऊन दुसरं टाकून देता येत नव्हतं. तिला त्याची कीव आली. रागही गेला नाही. इतकी वर्षं रोज संध्याकाळी मनात केलेली भांडणं आता कुठं ठेवायची तेही तिला कळेना.

"बसा," ती म्हणाली.

तो समोरच्या खुर्चीवर बसला. घर इतकं शांत त्यांनी दोघांनी किती वर्षांत ऐकलं नव्हतं. शेजारच्यांचा नळ, जिन्यातली पावलं, भिंतीवरचं घड्याळ. तिनं श्वास घेतला, मग सोडला, आणि आवाज आला तो येऊ दिला. पहिल्यांदा मुद्दाम. तो थोडा चढला, लांबला, शेवटी तुटला, पुन्हा आला. नवऱ्याचा हात एकदा रेडिओकडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. मग त्यानं तो परत घेतला, दुसऱ्या हाताबरोबर गुडघ्यांच्या मध्ये दाबून धरला, आणि ऐकत राहिला.